बारा सेकंदांची बारी, दिवसभराचे ऊन

चैत्र लागला की तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात बोलण्याचे विषय बदलतात. कांद्याच्या भावाच्या जोडीने कोणत्या गावची यात्रा कोणत्या तिथीला, कोणी कोणता तमाशा ठरवला, कोणत्या घाटात किती गाड्यांची नोंद झाली, याची चौकशी सुरू होते. शिरूर तालुक्यातले हे गाव वेळ नदीच्या काठी आहे. एका अंगाला शिक्रापूर-सणसवाडीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला न्हावऱ्याकडे आणि पुढे भीमा ओलांडून दौंडकडे पसरलेले उसाचे रान. कारखान्याची पाळी करणारा आणि उसाला पाणी देणारा असे दोघेही इथे एकाच घरात राहतात, आणि यात्रेच्या दिवशी दोघेही घरीच असतात.

या भागातल्या यात्रेचा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. पहाटे देवाला अभिषेक, सकाळी वाजतगाजत मांडव-डहाळे, दुपारी पुरणपोळीचा नैवेद्य, दिवसभर घाटात बैलगाडे, रात्री पालखीचा छबिना आणि तमाशा, दुसऱ्या दिवशी तमाशाच्या हजेऱ्या आणि कुस्त्यांचा आखाडा. देव कुठे भैरवनाथ, कुठे खंडोबा, कवठ्याला येमाई, कान्हूरला मेसाई, कुकडीपलीकडे निघोजला मळगंगा. लेकी माहेरी येतात, चाकण-रांजणगावच्या कंपन्यांतली मुले रजा टाकतात. बांधावरून वर्षभर न बोललेले दोन चुलतभाऊ वर्गणीच्या वहीत एकाखाली एक नाव घालतात. गावाला गावपण देणारे असे दिवस वर्षात फार नसतात.

या क्रमातली एक गोष्ट गेली दहा-पंधरा वर्षे वादात राहिली, ती म्हणजे शर्यत. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो वाद कायद्यापुरता मिटवला. गावापुढचा प्रश्न मात्र तिथे संपत नाही. परवानगी मिळाली म्हणून शर्यत पूर्वी होती तशीच, चैत्र-वैशाखाच्या भर उन्हात, दिवसभर, जितके गाडे येतील तितके पळवून घ्यावी का? शर्यत मुळीच नको म्हणणारे आहेत, तशीच ती रेसभरही बदलू नये म्हणणारेही आहेत. दोन्हीकडे विचारी माणसे आहेत, म्हणून दोघांचे म्हणणे आधी त्यांच्या बाजूने समजून घेतले पाहिजे.

त्याआधी घाट म्हणजे काय, ते सांगायला हवे. सातारा-सांगलीकडे सपाट मैदानात दोन बैलांचे छकडे शेजारी-शेजारी सुटतात आणि गाडीवान वर बसलेला असतो. पुणे जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, खेड-आंबेगाव-जुन्नरमध्ये आणि त्यांच्याशी सोयरिकी असलेल्या शिरूरच्या गावांत, शर्यत चढावर होते. हलक्या गाड्याला चार बैल जुंपतात. पुढच्या जोडीला जुकाट म्हणतात, मागचे ते धुरेकरी. गाड्यावर कोणी बसत नाही. पुढे घोडी पळते आणि तिच्यामागे बैल. एका वेळी एकच गाडा सुटतो. त्याची लढत घड्याळाशी असते. निशाण पडते, निवेदकाच्या तोंडून ‘भिर्रर्र’ निघते, भंडारा उधळला जातो आणि चांगली बारी बारा-तेरा सेकंदांत घाट चढून जाते. बारी संपली तरी माणसांच्या छातीतली धडधड थांबलेली नसते. हा थरार खरा आहे, आणि तो नाकारून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

बैलगाडा मालकाचे म्हणणे निव्वळ हौसेचे आहे, असे समजून बाजूला सारले जाते. त्यात हिशेब आहे. नांगरट, पेरणी, मळणी, वाहतूक ही बैलाची चारही कामे ट्रॅक्टरने घेतली. २०१९ च्या पशुगणनेत देशातील देशी गोवंशाची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सहा टक्क्यांनी घटलेली दिसली. शेतात काम उरले नसताना आज शिरूर-खेडच्या गोठ्यात जातिवंत खिलार खोंड दिसतो, तो बहुतांशी घाटासाठी. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे काम नसलेला बैल पोसायचा किंवा सोडून द्यायचा, एवढेच दोन रस्ते शेतकऱ्यापुढे राहतात. शर्यत बंद करून बैलाची सुटका होईल असे म्हणणाऱ्याने, तो सुटून कोणाच्या दावणीला जाईल, हेही सांगायला हवे, असा मालकांचा प्रश्न आहे. तो प्रश्न रास्त आहे.

त्यांचा दुसरा मुद्दा माणसांचा आहे. गाड्याचे चारही बैल एकाच गोठ्यातले असतात असे नाही. दोन एका गावचे, दोन दुसऱ्या गावचे, असे जुळवून गाडा उभा राहतो. ज्याच्याकडे एकच चांगला बैल आहे, तो अल्पभूधारकही अशा जुळणीतून घाटात उतरतो आणि चिठ्ठीत नाव निघाले की बागायतदाराच्या बरोबरीने त्याचा गाडा जुंपला जातो. खेड्यात अशी बरोबरीची जागा सहज सापडत नाही. शिवाय बैलाची रोजची निगा, खुराक, चालणे, पोहणे यांत घरातला तरुण गुंतून राहतो, हे अनेक बाप मोकळेपणाने सांगतात.

दुसरीकडे, शर्यतीला विरोध करणाऱ्यांना ‘शहरातले, बैल न पाहिलेले’ म्हणून मोडीत काढणे तितकेच चूक आहे. विरोध गावातही आहे. पशुवैद्यकांत आहे, वारकऱ्यांत आहे, आणि ज्यांनी आयुष्यभर बैलामागे नांगर धरला अशा म्हाताऱ्यांतही आहे. पोळ्याला ज्याच्या पाया पडायचे त्याला घाटात का पळवायचे, हे त्यांचे साधे विचारणे. बैल हा ओढकाम करणारा जीव आहे. घोड्यासारखी धाव ही त्याची घडण नाही, तो पळतो तो भीतीने, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या निकालात मान्य केला होता. चाबूक, टोचणी, विजेचा झटका, शेपटी पिरगाळणे हे प्रकार कुठेच घडले नाहीत, असे शर्यतीचा कट्टर समर्थकही म्हणणार नाही. आज कायद्यात त्यांना नावानिशी मनाई आहे, यातच ते घडत होते याची कबुली आहे. आणि सगळ्यांत अवघड मुद्दा असा की, पैलवान आखाड्यात आपल्या मर्जीने उतरतो, बैलाला कोणी विचारलेले नसते.

तथापि, ‘बैल पळू शकत नाही’ हे विधानही निर्विवाद राहिले नाही. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बैलाच्या धावण्याच्या क्षमतेचा अभ्यास करून ती क्षमता त्याच्यात आहे असा अहवाल दिला, आणि पुढच्या न्यायालयीन लढाईत तो मांडला गेला. ज्याने रानात मोकळे सुटलेले खोंड पाहिले आहे, त्याला त्यात फार नवल वाटणार नाही. परंतु पळू शकणे आणि पळवले जाणे यांत अंतर आहे, आणि ते कोणत्याही अहवालाने भरून निघत नाही.

कायद्याचा प्रवास थोडक्यात असा. केंद्राने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. २०१४ च्या निकालाने तमिळनाडूतला जल्लिकट्टू आणि इथल्या बैलगाडा शर्यती दोन्ही थांबल्या. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी लोक जमले, तमिळनाडूने कायदा बदलला, त्याच वर्षी महाराष्ट्रानेही बदलला. तरी मुंबई उच्च न्यायालयाने इथल्या शर्यती रोखून धरल्या. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू-महाराष्ट्रासह तीन राज्यांचे कायदे वैध ठरवले. शर्यत ही संस्कृती आहे की नाही, हे विधिमंडळाने ठरवायचे, असे पीठाने म्हटले. त्याच निकालात नियमांची कडक अंमलबजावणी झाली पाहिजे आणि तिची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची राहील, हेही बजावले. पहिले वाक्य मिरवणुकीत ऐकू आले. दुसरे त्या मानाने कमी ऐकू आले.

बंदीची जवळपास साडेसात वर्षे दोन्ही बाजूंना काही शिकवून गेली. शर्यतीशिवाय यात्रा ओस पडेल असे म्हणणाऱ्यांना दिसले की पालखी निघाली, नैवेद्य झाला, माहेरवाशिणी आल्या. पुढे २०२० आणि २०२१ मध्ये महामारीने यात्राच रद्द झाल्या. मोजक्या माणसांत देवाची पूजा झाली आणि देवाचा दिवस चुकला नाही. उलट, बंदी आली की क्रौर्य थांबेल असे म्हणणाऱ्यांनाही दिसले की काही ठिकाणी शर्यती पहाटे आडरानात, लपूनछपून होऊ लागल्या. तिथे ना पशुवैद्य, ना रुग्णवाहिका, ना कोणाची नजर. कित्येकांनी पोटच्या पोरासारखे वाढवलेले बैल पडेल भावाने विकले. बंदीने बैलाचे आयुष्य सुधारले असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि बंदीने गाव मोडले असेही म्हणता येत नाही.

म्हणून आमचा कल शर्यत राहावी या बाजूला आहे. पण तो कल इथेच संपवला तर अर्धेच बोलल्यासारखे होईल. या सगळ्या वादात दोन्ही बाजूंची नजर त्या बारा सेकंदांवर खिळली आहे. एक बाजू म्हणते, त्या बारा सेकंदांत छळ होतो. दुसरी म्हणते, फक्त बाराच सेकंद तर पळतो. नियमही बहुतेक धावेचेच आहेत: अंतर एक हजार मीटरच्या आत, चाबूक नको, टोचणी नको, उत्तेजक औषध नको, पशुवैद्यक हजर हवा. घाटाच्या पायथ्याशी उभे राहून पाहिले तर वेगळेच दिसते. बैल पहाटे टेम्पोत चढतो. तीस-चाळीस किलोमीटर हलत येतो. नंबर पुकारला जाईपर्यंत चार-पाच तास उभा असतो. भोवती कर्णे, गर्दी, धूळ. सावली असेल तर बाभळीची, नसेल तर टेम्पोच्या कडेची. बारा सेकंद पळून आल्यावर पुन्हा तीच उभ्याची वाट, आणि गाडा पुढच्या फेरीत गेला तर संध्याकाळपर्यंत. धावेपेक्षा ही वाट पाहणे बैलाला अधिक महाग पडते, असे आमचे मत आहे. कायद्याची नजर मात्र तिथवर पुरेशी पोहोचत नाही.

यावर मालकांचे उत्तर आहे, आणि ते ऐकण्याजोगे आहे. खिलार हा माणदेशाचा, आटपाडी-सांगोल्याच्या कोरड्या मुलखाचा बैल. विलायती जातींपेक्षा ऊन सोसण्याची त्याची ताकद कितीतरी जास्त. वशिंड, सैल कातडी, पांढरा रंग हे सगळे त्या उन्हासाठीच घडलेले. आमच्या बापजाद्यांनी वैशाखात याच बैलांनी नांगरट केली, मग आज बारा सेकंदांचे कौतुक कशाला, असे ते विचारतात. पण त्याच बापजाद्यांची नांगरट पहाटे सुरू व्हायची आणि ऊन चढले की औत सुटायचे, हेही त्याच घरांत ठाऊक आहे. बाराच्या उन्हात बैल जुंपणाऱ्याला गावात नावे ठेवायचे. औताला जो नियम होता तो घाटाला नसावा, याचे कारण आम्हाला सापडत नाही.

माणसाच्या बाबतीत हा धडा आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर झालेल्या सोहळ्यात उष्माघाताने चौदा माणसे गेली. त्यानंतर राज्य सरकारने त्या उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेण्यास मनाई केली. यात्रेतला घाट हाही उघड्यावरचाच कार्यक्रम. तिथे बैलांइतकीच माणसेही उन्हात असतात: निशाणवाले, घड्याळवाले, पोलीस, आजोबांच्या खांद्यावर बसलेली पोरे.

हा पेच एकट्या आपल्यापुढे नाही. जपानच्या फुकुशिमा प्रांतात सोमा आणि मिनामिसोमा या शहरांकडे ‘सोमा नोमाओई’ नावाचा घोडेस्वारांचा उत्सव भरतो. तो हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. चिलखत घातलेले शेकडो स्वार, निशाणे, देवाच्या पालख्या, आणि घोड्यांच्या शर्यती. २०११ मध्ये त्सुनामीने किनारा धुऊन नेला, अणुकेंद्राचा अपघात झाला, माणसे गाव सोडून गेली. त्या वर्षीही लोकांनी तो लहान प्रमाणावर का होईना, पार पाडला. इतका तो त्यांच्या जिवाचा. पण २०२३ च्या जुलैअखेरीस उन्हाने शंभरावर घोडे आजारी पडले, दोन दगावले, आणि २०२४ पासून त्याच लोकांनी उत्सव जुलैऐवजी मेअखेरीस घ्यायला सुरुवात केली. सरकारने बंदी घातली म्हणून नव्हे. घोडे आपलेच आहेत म्हणून.

त्याच देशातल्या मिए प्रांतात, तादो देवस्थानात मे महिन्याच्या सुरुवातीला घोडे उभ्या चढावर पळवतात. आपल्या घाटकऱ्याला ते दृश्य ओळखीचे वाटेल. चढाच्या टोकाला मातीची भिंत असे. किती घोडे ती ओलांडतात, यावरून वर्षाच्या पिकाचा कौल घेत. २०२३ मध्ये एका घोड्याचा पाय मोडला आणि त्याला मारावे लागले. प्रांताच्या प्रशासनाने सुधारणा करायला सांगितले, आणि २०२४ मध्ये भिंत काढली गेली, चढही सौम्य झाला. इथे मात्र दुसरी बाजू लक्षात घेतली पाहिजे. सगळेच घोडे वर पोहोचू लागले तर कौल कसला घ्यायचा? अवघडपणाच त्या विधीचा गाभा होता, असे कोणी म्हटले तर त्याला सहज खोडून काढता येणार नाही. सुधारणेत काहीतरी हातचे जाते, आणि ते जाते हे मान्य करूनच ती करावी लागते.

आपली अडचण जपानपेक्षा वेगळी आहे. त्यांनी १८७३ मध्येच कालगणना सौर केली. जुलैचा उत्सव मे महिन्यात नेला की ऊन कमी होते. आपल्याकडे मे हाच कडक उन्हाळ्याचा महिना, आणि यात्रा चालते तिथीवर. निघोजच्या मळगंगेची यात्रा चैत्र वद्य अष्टमीची. ती माघात न्यावी असे कोणी सुचवणार नाही, आणि सुचवले तर ऐकले जाऊ नये. तिथी देवाची आहे. अमुक गावची यात्रा अमुक दिवशी, हे पंचक्रोशीच्या सोयरिकींचे वेळापत्रक आहे. एक तिथी हलली तर शेजारच्या दहा गावांचे पाहुणपण विस्कटते. परंतु तिथीबरोबर दुपारचे दोन वाजणे देवाने सांगितलेले नाही. गाडे कोणत्या प्रहरी पळवायचे, किती पळवायचे, हे यात्रा कमिटीने ठरवलेले असते, आणि कमिटीने ठरवलेले कमिटीला बदलता येते. नोकरदारांच्या सोयीने करमणुकीचे कार्यक्रम एक-दोन दिवस पुढेमागे करण्याची रीत काही गावांत आहेच. अभिषेक तिथीला आणि घाट त्या आसपासच्या दोन सकाळ-संध्याकाळी, असे केल्याने देवाचा मान कमी होत नाही.

याची किंमत मात्र आहे, आणि ती लपवून चालणार नाही. चैत्र-वैशाखात उजेडाचे साधारण साडेबारा तास मिळतात. एका बारीला, बैल जुंपण्यापासून घाट मोकळा होईपर्यंत, तीन मिनिटे धरली तर दिवसात अडीचशे बाऱ्या होतात. बारा ते चार घाट बंद ठेवला तर एकशे सत्तर. म्हणजे ऐंशी गाडे परत जाणार. कोणते? ज्याची ओळख आहे तो आत राहील आणि ज्याचा एकच बैल आहे तो बाहेर, ही भीती खरी आहे. आणि तसे झाले तर शर्यतीतली जी बरोबरी आम्ही वर वाखाणली तीच जाईल. त्यावर उपाय चिठ्ठीचा. नोंदणी आधी, चिठ्ठ्या सगळ्यांसमोर, आणि प्रत्येकाला वेळ सांगून ठेवलेली, म्हणजे सातच्या बारीचा गाडा सहाला येईल आणि आठला घरी जाईल. दुसरा उपाय दोन दिवसांचा. पण दोन दिवस म्हणजे बंदोबस्त दुप्पट, रुग्णवाहिका दुप्पट, पशुवैद्यकाचे दोन दिवस, आणि अखेर वर्गणी जास्त. मोठ्या गावाला ते झेपेल, पाचशे उंबऱ्यांच्या गावाला झेपेलच असे नाही. तिथे चिठ्ठीच बरी.

नियम अधिक घट्ट केले की लहान गावे परवानगीच्या कागदांत अडकतात, ही तक्रारही खोटी नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, अनामत, हमीपत्रे, चित्रीकरण हे सगळे करता करता कमिटीतली पोरे दमतात. म्हणून आम्ही आणखी एका सरकारी नियमाची मागणी करत नाही. सावली, पाणी आणि वेळ या तीन गोष्टी गावाने स्वतः ठरवाव्यात. गावाच्या ठरावाला घाटात जो मान मिळतो तो परिपत्रकाला मिळत नाही.

बक्षिसांबद्दलही बोलायला हवे, कारण उन्हाचा आणि पैशाचा संबंध आहे. २०२२ च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत झालेल्या शर्यतीत बक्षीस म्हणून जेसीबी यंत्र होते. अशा बक्षिसासाठी दूरदूरचे गाडे येतात, गर्दी लोटते, आणि एकाही बारीवर पाणी सोडणे आयोजकाला परवडत नाही. मोठ्या बक्षिसाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की त्यामुळेच बैलाला लाखांत किंमत आली, आणि किंमत आली म्हणून निगा आली. गोडीशेव, रेवडी, भेळ, पाळणे यांवर पोट असलेल्यांना गर्दी हवी असते, हेही खरे. तरीही लाखाचा बैल हरला की मालकाला जे वाटते आणि घरच्या खोंडाची बारी हुकली की जे वाटते, ते सारखे नसते. जेवढी किंमत चढते तेवढा बैलावरचा भारही चढतो. गावच्या यात्रेने गावाच्या ऐपतीची ढाल, रोख आणि ‘घाटाचा राजा’ हा मान एवढ्यावर थांबावे, असे आम्हाला वाटते.

तमाशाचे उदाहरण इथे उपयोगी आहे. नारायणगावला पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकारभारी तिथे सुपाऱ्या देतात. विठाबाई नारायणगावकरांचा फड त्याच मातीतला. कवठे येमाईचे बी. के. मोमीन यांनी अशा फडांसाठी वग आणि गाणी लिहिली, ती शिरूरकरांना आजही आठवतात. बक्षिसांची रक्कम वाढली की कात्री कुठे लागते? बहुतेक वेळा सुपारीला. रात्रभराचा वग दोन तासांच्या गाण्यांवर येतो. शर्यत टिकावी म्हणून झगडणाऱ्यांनी, यात्रेच्या मांडवाखालीच दुसरी एक परंपरा पैशाअभावी आटते आहे, याकडेही पाहावे.

वर्गणी सगळ्यांची, ठराव मात्र थोड्यांचा, हीही जुनी खोट आहे. यात्रेच्या दिवशी पन्नास पाहुण्यांच्या पोळ्या लाटणारी बाई वैशाखातल्या पाण्याचा हिशेब सर्वांत चांगला जाणते. चासकमान धरणाचे आवर्तन कधी सुटणार आणि टँकर कोणत्या आळीला किती दिवसांनी येतो, हे तिला पाठ असते. घाटावर पाणी मारायला चार टँकर ओतायचे की दोन, हे विचारायला तिला बैठकीला बोलावले जात नाही. सणसवाडी-शिक्रापूरला खोल्या करून राहिलेले मराठवाड्याचे, बिहारचे कामगारही यात्रेला येतात, पाळण्यात पोरांना बसवतात, घाटाच्या कडेला उभे राहतात. त्यांनाही यातले काहीतरी आपले वाटू लागले आहे. जपानच्या कित्येक खेड्यांत पालखी उचलायला खांदे उरले नाहीत. आपल्याकडे खांदे भरपूर आहेत. बैठकीला बसणारे तेवढे वाढायला हवेत.

अशा बैठका पाडव्याच्या आधी होतात. देवळाच्या ओसरीवर वही उघडते. तमाशाची सुपारी, मांडव, वाजंत्री, बक्षिसे असे आकडे पडत जातात. यंदा त्या वहीत आणखी चार ओळी लिहाव्यात. घाटाच्या पायथ्याशी बैलांसाठी शेडनेटचा मांडव. पिण्याच्या पाण्याची वेगळी टाकी, घाटावर मारायच्या पाण्यात न मोजलेली. गाडेवाल्यांना चिठ्ठीसोबत वेळ लिहून देणे. आणि बारा वाजता निवेदकाने कर्ण्यावरून पुकारायचे, की घाट चार वाजेपर्यंत बंद आहे, बैल सावलीला घ्या.